पांढऱ्या पट्टीखालची फाट

मी एक जुना पतंग आहे. कागदाचा नि कामट्यांचा नव्हे. मित्रांनो, तो माझा दूरचा भाऊबंद. मी नऊ चौरस मीटर कापडाचा आहे. माझ्या कपाळाशी एक लांब नळी आहे. पंपाने तिच्यात हवा भरली की मी चंद्रकोरीसारखा वाकतो. मला चार दोऱ्या, दोऱ्यांना दांडी, दांडीला धरून माणूस, आणि माणसाच्या पायाखाली एक फळी. वारा मला ओढतो, मी माणसाला ओढतो आणि माणूस समुद्रावरून धावत सुटतो. रंगाने मी झेंडूसारखा केशरी होतो. आता विटलोय. राग मात्र विटलेला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे तुम्ही माझ्याकडून क्षमेच्या गोष्टींची वाट बघत बसणार नाही.

माझी शिवण कुण्या दूरच्या कारखान्यात एका बाईने घातली. तिचं नाव मला ठाऊक नाही, पण प्रत्येक शिवण तिने दुहेरी घातली आणि टोकाशी उलटा टाका मारला. तिथून मी वेल्समधल्या एका दुकानात आलो. कार्डिफच्या ईशिताने तिच्या पहिल्या पगारातून मला घेतलं. ईशिता इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट. मराठी बोलते, पण वाचता येत नाही. तिची आई, रेखाकाकू, नागपूरहून लग्न होऊन इकडे आलेली. मला घरात आणलं तेव्हा काकूंनी नीट न्याहाळलं आणि विचारलं, "ह्याला जीव टांगून समुद्रात जाणार तू?"

"आई, सेफ असतो."

"मग खंडेनवमीला पूजेत ठेव. तुझं हत्यार आहे हे."

आणि खरंच, दरवर्षी विळी, शिवणयंत्र, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली यांच्या रांगेत मी बसू लागलो. माझ्या पिशवीवर हळदकुंकवाचं बोट उमटलं, ते अजून आहे.

पोर्थकॉलच्या किनाऱ्यावर आम्ही चार वर्षं घाम गाळला. तिथला वारा लहरी. आता आहे, आता नाही, आणि आला की कानशिलात मारल्यासारखा. पाणी इतकं थंड की ईशिताचे ओठ जांभळे पडत. पण कितीही दमली तरी घरी आल्यावर ती मला गोड्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची, शिवणीवरून बोट फिरवायची. वाळवलेला पतंग गुंडाळताना गाणं म्हणायची. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

मग नकुल आला.

नकुल म्हणजे रेखाकाकूंच्या बहिणीचा मुलगा. पुण्याहून इंग्लंडमध्ये रीडिंगला नोकरीसाठी आलेला, दर महिन्याला मावशीकडे जेवायला येणारा. ईशिताचं बघून तोही पतंग उडवायला शिकला आणि सहा महिन्यांत तिलाच शिकवू लागला.

"मावशी, तुमचा वेल्सचा वारा म्हणजे सरकारी ऑफिस," तो पोळी मोडत म्हणाला. "आला तर आला. केप व्हर्देला चला. साल बेटावरचा वारा बघा, ड्यूटीवर असल्यासारखा येतो."

एवढं मात्र खरं बोलला. आफ्रिकेच्या पश्चिमेला, समुद्रात पडलेलं ते उघडंबोडकं बेट. नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत तिथे ईशान्येचा वारा वाहतो. सकाळी जरा मंद, दुपारी भरदार. पाणी कोमट. पूर्वेच्या किनाऱ्यावर वारा बाजूने आणि थोडा जमिनीकडे येतो. पडलात तर लाटा तुम्हाला वाळूवर आणून सोडतात. दक्षिणेच्या उपसागरात मात्र तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तिथे पडलात तर समोर नुसतं पाणी. आणि पश्चिमेला काळे खडक आहेत, सुरीसारखे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही तिथे गेलो. पहिले चार दिवस सोन्यासारखे गेले. पाचव्या दिवशी ईशिता दुपारची झोपली असताना नकुलने तिला न विचारता मला उचललं. त्याचा पतंग त्या वाऱ्याला मोठा पडत होता, आणि त्याला काळ्या खडकांशी फोटो काढून घ्यायचे होते. दोन उड्या बऱ्या झाल्या. तिसरीत त्याने मला खडकांवर आपटलं. नळीच्या मागे, घडीत, माझं कापड हातभर फाटलं.

त्या बाईची दुहेरी शिवण तशीच होती, मित्रांनो. फाटलं ते कापड. खडकाने फाडलं.

आता नकुलने काय करायला हवं होतं, ते तुम्हाला पहिलीतलं पोरही सांगेल. त्याने काय केलं ते मी सांगतो. त्याच्याजवळ दुरुस्तीची चिकटपट्टी नव्हती. होता फक्त मावशीने दिलेला चिवड्याचा डबा. रेखाकाकूंची रीत अशी की घरातून निघणाऱ्या प्रत्येक डब्यावर, जखमेला लावतात तशी रुंद, पांढरी कापडी पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहायचं. नकुलने ती लांबलचक पट्टी डब्यावरून सोलली आणि माझ्या फाटेवर दाबून बसवली.

दुसऱ्या दिवशी एरवी स्वतःची पाण्याची बाटली न उचलणारा हा माणूस ईशिताला म्हणाला, "थांब, आज मी हवा भरून देतो."

"हाउ स्वीट, दादा," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिने शिवणीवरून बोट फिरवलं नाही.

ती दक्षिणेच्या उपसागरात उतरली. किनाऱ्यापासून बरीच लांब गेल्यावर पट्टी सुटली. फाट ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मी आभाळातून चिंध्यांसारखा पाण्यात पडलो, आणि वारा आम्हा दोघांना अमेरिकेच्या दिशेने नेऊ लागला. पाऊण तास ईशिता माझी अर्धी फुगलेली नळी मिठीत धरून तरंगत होती. तिचं थरथरणं मला अजून आठवतं. शेवटी मासेमारांच्या बोटीने तिला उचललं.

वाळूवर बसून ती म्हणाली, "मी नीट चेक नाही केला. माझा चूक आहे."

नकुलने तिच्या पाठीवर हात ठेवला. "जुना झाला होता गं. मी म्हणालो होतो ना? फेकून दे इथेच."

तिने मला फेकलं नाही. पण परत कधी उघडलंही नाही. खारट, ओला, तसाच मी गॅरेजमध्ये पडलो, तीन वर्षं. ईशिता समुद्राकडे फिरकली नाही. जेवणाच्या टेबलावरचं नकुलचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "हिला वारा समजत नाही, मावशी. प्रत्येकाला जमतं असं नाही." मी अंधारात एकच विचार घोळवायचो. एकदा, फक्त एकदा, वारा पंचवीस नॉटचा असावा, आणि दांडीला तो असावा, आणि समोर ते खडक असावेत.

मग त्याने नवी टूम काढली. जानेवारीत इथल्या मराठी मंडळातल्या आठ जणांना घेऊन सालला जायचं, पुढारी तो. "ईशिता, तूही चल," तो फोनवर म्हणाला. "किनाऱ्यावर बसून फोटो काढ. तेवढं जमेल."

ईशिताने फोन ठेवला आणि खोलीत गेली. खंडेनवमी जवळ आली होती. काकू गॅरेजमध्ये चौरंग शोधायला आल्या, आणि पिशवीवरच्या कुंकवाच्या बोटाशी थबकल्या. हत्याराची पूजा चुकली म्हणून लेकीचा धीर गेला, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. त्यांनी मला बागेत पसरलं आणि कोमट पाण्याने पुसू लागल्या. नळीमागच्या घडीत त्यांचा हात अडकला.

अर्धी पट्टी अजून चिकटून होती. मिठाने पिवळी पडलेली, पण शाई शाबूत. *नकुल. चिवडा. कमी तिखट.* अक्षर त्यांचंच.

आता ह्या कडाडणार, असं मला वाटलं. पण चातुर्मासात काकूंचं व्रत असतं: कुणाला टोचून बोलायचं नाही. कार्तिकी एकादशीपर्यंत एक कडवट शब्द नाही. त्यांनी हात पुसले, पट्टी नखाने हळूहळू सोडवली आणि पुरणाच्या ताटलीत सपाट ठेवली. मला वाटलं, संपलं. मित्रांनो, मला रेखाकाकू कळल्याच नव्हत्या.

दसऱ्याला नकुल आणि मंडळातले ते आठ जण सोनं द्यायला आले. इथे आपट्याची पानं मिळत नाहीत, सोनेरी कागदाची कापतात. मी फुलं घालून कोपऱ्यात बसलो होतो. नकुल निघाला तेव्हा काकूंनी त्याच्या हातात डबा ठेवला.

"तुझा चिवडा. कमी तिखट."

"मावशी, तूच लक्षात ठेवतेस."

"पट्टी वाच ना मोठ्याने. ईशिताला मराठी वाचता येत नाही."

त्याने वाचायला सुरुवात केली आणि "चिवडा"शी थांबला.

"कडेला काय चिकटलंय, रे?" काकूंनी विचारलं. आवाज साखरेसारखा.

"धागे."

"कुठल्या रंगाचे?"

आठही जणांनी आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"केशरी," नकुल म्हणाला.

"कसे चिकटले, ते तिला सांग. मी नाही सांगत. माझं व्रत आहे."

त्याने सांगितलं. खाली बघत, तुकड्या-तुकड्याने, पण सगळं सांगितलं. ईशिता म्हणाली, "म्हणजे मी नव्हते चुकले." आणि माझ्यापाशी येऊन बसली, आणि शिवणीवरून बोट फिरवू लागली.

मला नवं कापड बसलं आहे. जानेवारीत त्या आठ जणांना ईशिताच घेऊन गेली. नकुल यायचं टाळत होता, पण काकू म्हणाल्या, "जा की. कुणीतरी पतंग धरायला लागतं, आणि फोटो काढायला." पूर्वेच्या किनाऱ्यावर तो मला धरून उभा राहिला, तोंडावर वाळू झेलत. ईशिताने खूण केली, त्याने सोडलं, आणि मी उठता उठता माझं टोक त्याच्या कानाखाली असं काही बसवलं की आठही जणांना आवाज ऐकू गेला. सगळे म्हणाले, वारा आडवा आला.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू तुमच्या हातून फाटली, तर त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगा. फाट झाकू नका. झाकलेल्या फाटेला कुणाचा तरी जीव लटकलेला असतो, आणि आम्ही वस्तू काही बोलत नसलो तरी विसरत नाही.

नकुलचा कान दोन दिवस लाल होता. तेवढ्यावर माझं भागलेलं नाही. साल बेटावर वारा रोज येतो, आणि मला धरायला रोज तोच उभा असतो.