अकरा जणांचा बाक

काकूंनी भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि कॅमेरावाला म्हणाला,

"परत एकदा, प्लीज."

काकूंनी झाकण ठेवलं, पुन्हा उचललं.

"अजून एकदा. जरा हसून."

तिसऱ्या खेपेला वाफच संपली. वाफेचं काय, ती काही कोणाच्या बापाची नोकर नाही. पातेल्यात नुसता पांढरा भात होता आणि पातेल्यामागे काकूंचा न हसणारा चेहरा.

"वाफ नंतर घालता येते," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. सारखा धापा टाकल्यासारखा बोलायचा आणि काकूंना मॅडम म्हणायचा, एवढंच. उपनगरातल्या परवडणाऱ्या जेवणाच्या जागांची यादी तो करत होता. दहा जागा, त्यातली ही सातवी.

"यादी कोणासाठी?" काकूंनी विचारलं.

"लोकांसाठी, मॅडम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी."

"ज्यांना दुसरीकडे परवडत नाही त्यांना इथला पत्ता पाठ आहे. ज्यांना परवडतं त्यांना कशाला सांगायचा?"

कॅमेरावाल्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणजे काकूंचे धाकटे दीर. खोली त्यांच्या नावावर होती आणि कॅमेराही त्यांनीच बोलावला होता. ते कौतुकाने हसले.

"वहिनींचा स्वभावच तसा आहे. राहू द्या तेवढं. बघणाऱ्यांना आवडतं."

खोली कसली, बोळच तो. एका अंगाला शेगड्या आणि काकू, मधे कमरेएवढी लांबच लांब फळी आणि फळीच्या पलीकडे एकच बाक. दाटीवाटीने अकरा माणसं बसायची. बाकामागून जायला वाव नव्हता, म्हणून बसणाऱ्याने दाराकडच्या टोकाला बसायचं आणि जेवून झालेल्याने आतल्या टोकाने उठून, ताट मोरीत ठेवून मागच्या दाराने बाहेर पडायचं. आतला उठला की काकू ओरडायच्या, "सरका!" आणि दहाही जण आपापलं ताट हातात धरून एकेक माणूस आत सरकायचे. जागा निवडायची सोयच नव्हती. शेजारी कोण येईल ते आपलं नशीब. एकदा बँकेचा साहेब आणि गटार साफ करणारा गडी मांडीला मांडी लावून दारापासून मोरीपर्यंत एकत्र सरकले होते आणि साहेबाने उठताना गड्याचं ताटही मोरीत नेऊन ठेवलं होतं. या पद्धतीने तासाभरात पन्नास माणसं जेवायची. रेंगाळणाऱ्याला काकू नावानिशी झापायच्या. दर वाढवायचा झाला तर आधी बाकाला विचारायच्या. मागच्या वेळी विचारलं तेव्हा सुतार म्हणाला होता, "वाढवा काकू, पण भाताला हात लावू नका," आणि सगळ्या बाकाने माना डोलावल्या होत्या.

भाऊजींना नेमका हा बाकच नको होता. एक तारखेपासून चार-चार जणांची टेबलं येणार होती, भिंतीला रंग, छापील कार्ड आणि दारावर काकूंचा हसरा फोटो. भाऊजींचा एक ओळखीचा भागीदार पैसे घालणार होता, म्हणजे ताटाचा दर तो ठरवणार. काकूंनी गल्ल्यावर बसायचं. "तुमचे गुडघे बघा वहिनी," भाऊजी म्हणाले होते, आणि तेही काही खोटं नव्हतं. काकू तेव्हा नाही म्हणाल्या होत्या. भाऊजींनी ते ऐकलं होतं आणि लहान मुलाचं ऐकतात तसं सोडून दिलं होतं. शेवटी काकूंनी एवढंच बजावलं, "कॅमेरा आणा. पण माझं दुपारचं जेवण नेहमीसारखं होईल. माझी माणसं नेहमीसारखी जेवतील."

आता पाऊण वाजला होता. एरवी या वेळी बाक भरून बाहेर रस्त्यापर्यंत रांग असायची. आज बाकावर चिटपाखरू नव्हतं.

"गर्दी कधी होते?" कॅमेरावाल्याने विचारलं.

काकूंनी दाराकडे पाहिलं. एकजण आला नसता तर समजण्यासारखं होतं. पन्नास जण एकदम आजारी पडत नाहीत. म्हणजे रुसले. कुणीतरी त्यांना टेबलांचं सांगितलं आणि त्यांना वाटलं, काकूंनीही आपल्याला वाऱ्यावर सोडलं.

"बरंच झालं," भाऊजी हलक्या आवाजात म्हणाले. "माझे चार-पाच मित्र बोलावलेत मी. नीटनेटके दिसतात. ते बसतील."

काकू हात पुसत खिडकीपाशी गेल्या आणि तिथेच थबकल्या.

रस्त्याच्या पलीकडे, ड्रायव्हिंग स्कूलच्या कुंपणाला लागून सगळे उभे होते. सगळेच्या सगळे. सुताराने केसांना पाणी लावून भांग पाडला होता आणि अंगात लग्नाबिग्नाला घालायचा शर्ट. दवाखान्यातल्या सिस्टरने नवी ओढणी घेतली होती. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी तर चक्क बूट पॉलिश केले होते. इस्त्रीवाला, वॉचमन, शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका, सगळे नटूनथटून ओळीने उभे होते आणि कोणी रस्ता ओलांडत नव्हतं.

काकू मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि वाहनं न बघताच रस्ता ओलांडून गेल्या. एका रिक्षावाल्याने शिवी घातली. काकूंनी त्याला हातानेच गप्प केलं.

"काय चाललंय हे? आत का नाही आलात?"

सुताराने सरांकडे पाहिलं, सरांनी सिस्टरकडे.

"काकू, आज तुमचा दिवस," सिस्टर म्हणाली. "व्हिडिओ काढायचाय ना. आम्ही आपलं ठरवलं, आज जागा अडवायची नाही. चांगले लोक येतील, ते बसू देत."

"चांगले लोक?"

"म्हणजे तसे दिसणारे हो," सुतार म्हणाला. "आम्ही बसलो की सगळं कळकट दिसतं. भुसा झडतो आमच्या अंगावरून."

"मग हे नटलात कशाला?"

"तुम्ही हाक मारलीच तर असावं म्हणून," सुतार म्हणाला आणि स्वतःच लाजला.

काकूंना रडूही आलं आणि राग तर असा आला की कानशिलं तापली. साडेबारापासून ही माणसं इथे उन्हात भुकेली उभी होती. कशासाठी, तर काकूंच्या चित्रात आपण दिसू नये म्हणून!

"गाढवांनो," त्या म्हणाल्या, "पहाटेपासून कोणासाठी मरतेय मी? त्या कॅमेऱ्याला भात भरवू? तुम्हाला सुट्टी किती वेळ?"

"वीस मिनिटं उरली," कारखान्यातली एक बाई म्हणाली.

"वीस मिनिटांत आत बसून सगळ्यांचं व्हायचं नाही. दोघं चला माझ्याबरोबर. पातेली उचला."

भाताचं पातेलं सुतार आणि वॉचमनने उचललं. भाजीचं काकूंनी स्वतः घेतलं, गुडघे गेले उडत. सिस्टरने ताटं छातीशी धरली. भाऊजी दारात आडवे आले.

"वहिनी, हे काय? रस्त्यावर? लोक काय म्हणतील?"

"लोकच आहेत ते. विचारून या काय म्हणतात."

ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात पत्र्याखाली शिकाऊ गाडी उभी होती. सरांनी ती पुढे काढली आणि रिकाम्या जागेत पातेली मांडली गेली. काकू वाढत सुटल्या. बसायला काही नव्हतं, माणसं उभ्याने जेवू लागली. कोणी गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवलं, तर सरांनी ओरडायचं सोडून त्याखाली स्वतःचा रुमाल घातला. सवय अशी की एकाचं जेवण झालं आणि काकूंच्या तोंडून गेलं, "सरका!" आणि बाक नसताना सगळी रांग ताटं सावरत एक पाऊल सरकली. मग हसण्याचा असा गलका उठला की पलीकडच्या गॅलऱ्यांत माणसं आली. कॅमेरावाला धावत आला, कॅमेरा डोळ्याला लावला, दोन मिनिटं उभा राहिला आणि मग काय वाटलं कोण जाणे, कॅमेरा पिशवीत घालून रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला. काकूंनी त्यालाही इतरांएवढंच वाढलं.

"यादीत घालू नका," वाढतावाढता त्या म्हणाल्या.

"नाही घालत, मॅडम," तो म्हणाला. तोंडात घास होता.

भाऊजी आले ते लाल होऊन. त्यांचे नीटनेटके मित्र रिकाम्या बाकावर बसून वाट पाहत होते आणि आत वाढायला काहीच उरलं नव्हतं.

"माझी शोभा केलीत तुम्ही," ते म्हणाले. "तुमच्या भल्यासाठी मरमर मरतोय मी. दादा गेल्यावर सहा वर्षं भाडं मागितलं नाही. मागितलं का कधी?"

"नाही मागितलंत. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"मग? टेबलं हवीत की नकोत, आत्ता सांगा. नको असतील तर एक तारखेला खोली मोकळी करून द्या."

हे बोलून गेल्यावर तेही जरा दचकले. काकूंनी डाव पातेल्यात ठेवला. वीस वर्षं काकू त्या बोळात उभ्या होत्या. नवरा होता तेव्हा आणि नव्हता तेव्हाही.

"एक तारीख कशाला?" त्या म्हणाल्या. "आजच घ्या. खोली तुमचीच होती, भाऊजी. जेवायला मी घालत होते."

"आणि जाणार कुठे?"

काकूंना ते ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सर खाकरले.

"शिकवण्या सकाळी आणि संध्याकाळी असतात," ते म्हणाले, कोणाकडेच न बघता. "दुपारी हा पत्रा मोकळाच असतो. म्हणजे, चालत असेल तर. भाड्याचं बाकाला विचारून ठरवू."

"बाकच कुठाय?" वॉचमन म्हणाला.

"तो आणू की," काकू म्हणाल्या. "बाक माझ्या नवऱ्याने केलाय. खोलीत धरलेला नाही."

आठ माणसं बाक आणायला गेली. भाऊजींच्या मित्रांना उठवावं लागलं. बाक उचलला, दारापर्यंत नेला आणि अडला. दारासमोर तीन फुटांवर जिन्याची भिंत. उभा धरला तर छत आडवं येई, तिरका केला तर चौकट. मागच्या दाराकडून पाहिलं, तिथे मोरी आडवी. "डावीकडून घ्या," "अरे तुझी डावी नव्हे," असा पाच मिनिटं गोंधळ झाला. शेवटी सुताराने कपाळावर हात मारला.

"निघायचाच नाही हा. काकू, मीच होतो की दादांबरोबर! आत बसून जोडला होता आम्ही. बाहेर काढायचा कधी विचारच केला नाही."

दारातून भाऊजी हे पाहत होते.

काकू आत गेल्या. फळीला वळसा घालून बाकापाशी आल्या आणि त्यावर तळहात ठेवला. लाकूड माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झालं होतं. नवऱ्याचा हात आठवला, रंधा ओढणारा, आणि त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते पुसले नाहीत.

"करवत आण," त्या सुताराला म्हणाल्या.

"काकू, दादांच्या हातचा आहे हो."

"दादांनी माणसं बसायला केलाय. इथे राहिला तर परवा जळणात जाईल. काप मधून. पाय नवीन लाव."

सुतार गेला आणि करवत घेऊन आला. चांगल्या शर्टाच्या बाह्या त्याने कोपरापर्यंत दुमडल्या. मध्य मापला, कानामागच्या पेन्सिलने रेघ मारली. मग करवत रेघेवर टेकवली आणि तसाच थांबला. त्याचा हात पुढे जाईना.

"थांबा!" भाऊजी एकदम आत घुसले. "वहिनी, डोकं फिरलंय का तुमचं? दादाचा बाक आहे तो!"

याच बाकाची त्यांना महिनाभर अडगळ झाली होती. आता त्यांचा आवाज लहान मुलासारखा चिरकला होता. कोणी हसलं नाही.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"हो, दादांचा आहे," त्या म्हणाल्या. "मग या, ते टोक धरा. हलला तर काप वाकडा जाईल."

भाऊजी जागच्या जागी उभे राहिले. मित्र दारातून बघत होते. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, वाकले आणि दोन्ही हातांनी टोक धरलं. तरी बाक हलतच होता.

"घट्ट धरा, भाऊजी," काकू म्हणाल्या आणि सुताराला मानेने खूण केली.