एका टॅबमधले सत्तावीस धवळे

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. जुना म्हणजे फक्त सहा वर्षांचा. घरातलं पातेलं सहा वर्षांत नवंच असतं, पण आमच्या जातीत सहा वर्षं म्हणजे म्हातारपण. माझा पडदा आता काळा आहे. कितीही बटण दाबलं तरी तो उजळत नाही. तरीही जे घडलं ते मला सांगायलाच हवं, कारण त्यात माझाही दोष आहे.

माझा जन्म कुठल्या तरी दूरच्या कारखान्यात झाला. ते काही मला आठवत नाही. मला आठवतं ते उल्हासनगरच्या बाजारातलं दुकान आणि काचेपलीकडून मला निरखणारी उन्नती. ती वडिलांच्याच वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवायची. मला तिने स्वतःसाठी घेतलं नव्हतं, वडिलांसाठी घेतलं होतं.

तिचे वडील हरिचंद्र. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. तरुणपणी त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. बँडमध्येच ते पाच रेघांवर टिंबं मांडून स्वर लिहायला शिकले. पुढे अंबरनाथ पश्चिमेला राहून त्यांनी आठ वादकांचा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. प्रत्येक गाण्याचं नोटेशन ते हाताने लिहायचे. त्यांच्याकडे कागदांनी भरलेल्या दोन लोखंडी पेट्या होत्या.

मी आलो तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. डोळे अधू झाले होते. कार्यक्रमात वारा सुटला की कागद उडायचे, म्हणून ते कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी कागद स्टँडला अडकवायचे. दोन्ही हात क्लॅरिनेटवर, मग पान उलटायचं कसं? कित्येकदा एखादी ओळ हुकायची आणि ते मान खाली घालायचे.

उन्नतीने मला स्टँडवर बसवलं आणि त्यांच्या पायाशी एक छोटं पॅडल ठेवलं. पायाने दाबलं की माझं पान उलटायचं. अक्षर हवं तेवढं मोठं व्हायचं. पहिल्या दिवशी मास्तरांनी एक अख्खं गाणं न चुकता वाजवलं आणि क्लॅरिनेट मांडीवर ठेवून हसले.

"काय गं बाय, हा तर माझा डोळाच झाला की!"

मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो पुन्हा कधीच झाला नाही.

मग दोन महिने उन्नती पेट्यांतला एकेक कागद काढून माझ्यात त्याचा फोटो घेत राहिली. सगळ्यात शेवटी एक कापडी पिशवी निघाली. तिच्यात सत्तावीस कागद होते. ते मास्तरांच्या आईचे, गोदूबाईंचे धवळे होते. आगरी लग्नात हळदीपासून बायका जी गाणी म्हणतात, ते धवळे. गोदूबाई धवलारीण होत्या, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यातून पार पाडणारी बाई. पंचक्रोशीतली लग्नं त्यांच्या आवाजाशिवाय लागत नसत. त्या गेल्या त्याआधी दोन वर्षं मास्तर रोज त्यांच्यासमोर बसले. आई म्हणायची आणि मुलगा पाच रेघांवर उतरवून घ्यायचा. गोदूबाईंचे धवळे दुसऱ्या कोणी लिहून घेतले नव्हते.

ते सत्तावीस कागदही माझ्यात आले. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

त्याच वर्षी मास्तरांच्या घरच्यांनी चिखलोलीच्या नव्या इमारतीत फ्लॅट घेतला. घर लहान होतं, पेट्या ठेवायला जागा नव्हती. मास्तर स्वतःच म्हणाले, "द्या रद्दीत. सगळं ह्याच्यात आलंय."

"बाबा, धवळ्यांची पिशवी तरी ठेवू या," उन्नती म्हणाली.

"कशाला? वाळवी लागलीय तिला. हा बघ, कसा स्वच्छ दिसतोय."

त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. लोकांनी त्यांना जुन्या वळणाचा म्हातारा म्हणू नये असं त्यांना वाटत असावं. रद्दीवाल्याने दोन्ही पेट्या हातगाडीवर रिकाम्या केल्या. वर ती कापडी पिशवीही ठेवली.

पहिला धक्का बसला तो तालमीत. बदलापूरला आगरी समाजाचा मेळावा होता. त्यात गोदूबाईंचे चार धवळे वाद्यवृंदावर वाजवायचे ठरलं होतं. दुसरा धवळा वाजवताना मास्तर मध्येच थांबले.

"इथं आई श्वास घ्यायची. किती वेळ घ्यायची ते मी मागं लिवलं होतं. मागचं दाखव."

"मागचं म्हणजे?"

"कागदाच्या पाठीमागचं. कुठल्या गावात कशी म्हणायची, कुठं थांबायची, सगळं पेन्सिलीने लिवलेलं."

उन्नतीचा चेहरा उतरला. तिने फक्त पुढच्या बाजूचे फोटो काढले होते. मास्तरांनी मला उचललं, उलटं केलं आणि माझ्या गुळगुळीत काळ्या पाठीकडे बघत राहिले. मला कागदासारखी मागची बाजू नव्हती, मित्रांनो. मी काय करणार?

तेव्हा तरी सावध व्हायला हवं होतं. माझ्यातल्या सगळ्याची दुसरी प्रत कुठे तरी ठेवायची का, असं मी अधूनमधून पडद्यावर विचारायचो. उन्नती नोकरी करून, घर सांभाळून तालमींना यायची. ती घाईघाईत 'नंतर' वर बोट ठेवायची. मी पुन्हा काही दिवसांनी विचारायचो. पण मी विचारायचो ते बारीक अक्षरांत, कोपऱ्यात. ओरडायला मला येत नव्हतं.

मेळावा मे महिन्यात होता. चार वाजता कार्यक्रम सुरू झाला. स्टेजचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे ऊन थेट माझ्या काळ्या पाठीवर पडत होतं. पहिला धवळा झाला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. दुसरा झाला. तिसऱ्याच्या मध्यावर माझं अंग इतकं तापलं की मला भान राहिलं नाही. पडद्यावरचे स्वर गेले आणि फक्त एक सूचना उरली : तापमान वाढले आहे.

मास्तरांनी पॅडल दाबलं. पुन्हा दाबलं. इतर वादकांच्या मोबाईलवर फक्त साथीचे सूर होते. मूळ चाल एकट्या मास्तरांच्या पानावर, म्हणजे माझ्यात होती. त्यांनी आठवणीने दोन ओळी वाजवल्या. मग चौथ्या धवळ्याचं काहीतरी तिसऱ्यात मिसळलं आणि क्लॅरिनेट चिरकलं. ते थांबले.

"मास्तर जरा दमलेत," निवेदक माइकवर म्हणाला. "तोवर आपण हळदीची गाणी लावू या."

स्पीकर सुरू झाला. पोरं नाचायला उठली. मास्तरांनी स्टेजच्या मागे जाऊन क्लॅरिनेटचे भाग एकेक करून सुटे केले आणि पेटीत ठेवले.

उन्नतीला मला लवकर थंड करायचं होतं, म्हणजे बाबांना पुन्हा स्टेजवर बसवता आलं असतं. मागे थंड बाटल्यांची बर्फाची पेटी होती. तिने मला रुमालात गुंडाळून त्या पेटीत ठेवलं. तिचा हेतू चांगला होता. पण रुमालातून बर्फाचं पाणी आत शिरलं. बाहेर काढल्यावर मी एकदा उजळलो. तिसऱ्या धवळ्याचं पान क्षणभर दिसलं. मग मी जो विझलो, तो कायमचाच.

दुसऱ्या दिवशी ती मला उल्हासनगरला धर्मेश नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने मला उघडलं, दोन दिवस खटपट केली.

"दीदी, बोर्डमध्ये पाणी गेलंय. मेमरीची चिपच खलास. मी अजून दोघांना दाखवलं, त्यांचं पण तेच म्हणणं आहे. कॉपी तर असेल ना कुठे?"

उन्नतीने नकारार्थी मान हलवली. धर्मेशने मान खाली घातली आणि मला पुन्हा जोडून, पुसून तिच्या हातात दिलं.

घरी तिने आठवडाभर सांगितलं, टॅब दुकानात आहे. आठव्या दिवशी मास्तरांना मी तिच्या पिशवीत सापडलो.

"गेलं ना सगळं?" त्यांनी विचारलं.

"बाबा, मी नंतर करते, नंतर करते म्हणत राहिले. माझ्यामुळे झालं."

"कागद मी दिले गं. तू नको बोलत होतीस."

नंतर वादकांना एकत्र बसवून तालमीतले चार धवळे कसेबसे जमवले गेले. उरलेले तेवीस कुठेच नव्हते.

मास्तरांना तेव्हा कौसाबाई आठवल्या. बारवी धरणाच्या बाजूला एका पाड्यावर त्या राहायच्या. तरुणपणी गोदूबाईंच्या मागे उभं राहून त्या गात असत. वय पंच्याऐंशीच्या पुढे. मास्तर आणि उन्नती कोरे कागद घेऊन तिकडे गेले. मास्तरांनी मलाही सोबत घेतलं. का घेतलं कोण जाणे.

कौसाबाईंनी मला हातात घेऊन चाचपलं. "ह्याच्यात व्हती का सगळी गानी?"

"व्हती," मास्तर म्हणाले. "आता तू म्हन. मी लिवतो."

त्या भात पाखडायचं सूप बाजूला सारून गायला लागल्या. आवाज थरथरत होता, पण सूर खरा होता. मास्तरांची पेन्सिल भराभर चालली. एक धवळा पुरा झाला. दुसरा अर्ध्यावर आला आणि त्या थांबल्या.

"फुडं काय रं, हरी?"

"तूच सांग की, मावशी."

"मना काय इचारतोस?" त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "तू लिवून घेतलंस तवा मी म्हनलं, चला, पोराकडं हायेत, आता आपून इसरलं तरी चालंल. तुझ्याकडं हायेत म्हनून तर मी सोडली. वाच की तूच."

मास्तरांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. उन्नती तोंड फिरवून धरणाच्या दिशेला बघत राहिली. मी कौसाबाईंच्या मांडीवर काळा पडून होतो. बाईंनी कागदावर विसंबून गाणं सोडलं. मास्तरांनी माझ्यावर विसंबून कागद सोडले. आणि मी पाण्याच्या चार थेंबांत संपलो.

ते परत आले तेव्हा त्यांच्याजवळ दीड धवळा होता.

आता मास्तर क्लॅरिनेटची पेटी उघडत नाहीत. सकाळी गॅलरीत बसून ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवतात, एका जागी अडतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात आणि पुन्हा तिथेच अडतात. इमारतीत जुनी यंत्रं गोळा करायचा खोका आला आहे. उन्नतीने मला त्यात ठेवलं आहे. तिची चूक नाही.

मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणणार नाही. माझ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नाही. माझी बहीण-भावंडं तुमच्या हातात आहेत, त्यांच्यात जे साठवायचं ते साठवा, त्याची आणखी एक प्रत करा, आणि कागद असतील तर त्यांची मागची बाजूही बघा. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. तुमच्या घरात, गावात कोणी गात असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि एक तरी गाणं तोंडपाठ करा, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. एखाद्या दिवशी कोणीतरी म्हातारं माणूस मध्येच थांबून विचारेल, पुढे काय? तेव्हा सांगणारं तिथे कोणीतरी हवं.