राजरत्नचा बोया

माणसाने दारात उभं राहून मासे द्यावेत आणि पायातली चप्पलही न काढता परत जावं, हे कोणत्या रीतीत बसतं ते मला कोणीतरी सांगावं. कोळीण तरी टोपली खाली ठेवून दोन शब्द बोलते. आमचे जावई तेवढंही करत नव्हते. सोमवारी सकाळी, कामावर जायच्या आधी, मानपाड्याहून मोहन्यापर्यंत मोटरसायकल हाणत यायचे, बर्फातली पिशवी उंबऱ्याच्या आत सरकवायचे, मामी, तांबोशी आहे, एवढं म्हणायचे की चालले. मी चहाचं आधण ठेवेपर्यंत गाडी गल्लीच्या तोंडाशी.

माझी रचना होती तोवर असं नव्हतं. दोघं जोडीने यायचे. ती नौपाड्यात एका दवाखान्यात नोकरीला, हे मानपाड्याच्या कंपनीत पंप दुरुस्तीला. जावई बोलायला कमी, पण जेवायला बसले की भाकरी मागून घ्यायचे, आणि मागून घेणारा माणूस मला आवडतो. मग रचनाला रक्ताचा आजार निघाला. गेल्या पावसाळ्याच्या आधी ती गेली. मूलबाळ नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी बोलले, नातेवाईक बोलले, माझ्या भावाने तर भाषणच ठोकलं. जावयांना दोन शब्दांसाठी उभं केलं. ते माईक धरून नुसतेच उभे राहिले, मग माईक ठेवला आणि त्याची वायर नीट गुंडाळून ठेवली. लोक म्हणाले, फार मनाला लावून घेतलंय. मी म्हटलं, मनाला लावा, सासूच्या घराला पाठ कशाला लावता?

मासेही बाजारातले नसायचे. प्रत्येकाच्या डोक्यामागे एक गोल भोक. जावयांना तो नाद लग्नाआधीपासूनचा. कोकणात जायचं, डोळ्यांना काच लावायची, श्वास रोखून खडपात, पाण्याखालच्या खडकांत, बुडी मारायची आणि भाल्याच्या बंदुकीने मासा टिपायचा. पाठीवर हवेचं नळकांडं वगैरे काही नाही. छातीत हवा असेल तेवढाच वेळ माणूस खाली.

एका संध्याकाळी महेंद्र एकटाच आला. हा त्यांच्याच कंपनीतला, आणि समुद्रातला जोडीदार. चहा झाला, दुसरा चहा झाला, कप कोरडा पडला तरी पोरगा बोलेना. शेवटी मीच म्हटलं, आलास ते सांग, नाहीतर कप धुऊन ठेव. मग त्याने सांगितलं. पूर्वी रचना किनाऱ्यावर खडकावर बसायची. हे वर आले की हात करायची. आता हे महेंद्रलाही सोडून लांब जातात, बोया नेत नाहीत, आणि खाली राहतात ते राहतातच. मागच्या वेळी एक मच्छीमार होडी त्यांच्या डोक्यावरून गेली. खाली माणूस आहे हे होडीवाल्याला कळणार कसं? त्यासाठीच तर बोया असतो, पाण्यावर तरंगणारी खूण. वर निशाण, खाली लांब दोरी, दोरीचं टोक बुडी मारणाऱ्यापाशी.

"काकू, तो वर येतो ना, तेव्हा दमलेला नसतो," महेंद्र म्हणाला. "नाराज असतो."



सोमवारी पिशवी आली. आमच्यात सासू जावयाला नावाने हाक मारत नाही, एकेरी तर नाहीच. पाहुणे म्हणायचं, आणि काही लागेल असं बोलायचं असलं तर तिसऱ्याच्या कानातून बोलायचं. शेजारच्या विमलाबाई नळावर हंडा लावून उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "विमलाबाई, आमच्या पाहुण्यांना सांगा, बोयाशिवाय मारलेला मासा या घरात शिजणार नाही."

विमलाबाईंनी माझ्याकडे बघितलं, जावयांकडे बघितलं. म्हणाल्या, अहो, ते इथेच तर उभेत. मी म्हटलं, मग ऐकू आलं असेल.

जावई म्हणाले, मामी, मासा तर मेला, त्याची काय चूक. मी म्हटलं, विमलाबाई, सांगा त्यांना, माशाला कोणी काही बोललेलं नाही. पिशवी परत गेली. पुढच्या सोमवारीही परत गेली. जीव तुटला माझा, आत हेकरू मासा होता आणि चांगला थोराड होता. पण शब्द दिला की दिला.

त्यानंतरच्या रविवारी ते समुद्रावर गेले नाहीत. सकाळीच माझ्या ओट्यावर येऊन बसले. कंपनीतून धुऊन आणलेला निळा कॅन, प्लास्टिकचा पाईप, नायलॉनची दोरी, एम-सील, सायकलची जुनी ट्यूब. बोया माझ्या डोळ्यांसमोर करायचा अशी अट मी मागच्या सोमवारी विमलाबाईंकरवी घातली होती, तर तिथे करायला बसले. कॅनचं झाकण पाणी सोडत होतं. त्यांनी ट्यूब कापून आत वायसर घातला, कॅन माझ्या पिंपात दाबून धरला आणि बुडबुडे येतात का बघितलं. पहिल्यांदा आले. वायसर काढून दुसरा कापला. पाईप कॅनच्या अंगाला उभा आवळला, अर्धा वर, अर्धा खाली. नुसता कॅन टाकला तर तो लोळतो आणि निशाण पाण्यात जातं, म्हणून पाईपच्या खालच्या टोकात जुने नटबोल्ट भरून तोंड बंद केलं. वर हलकं, खाली जड, मग तो उभा राहतो. हे सगळं त्यांनी मला सांगितलं. रचना गेल्यापासून एवढं बोलणं पहिल्यांदाच झालं.

निशाणाला लाल कापड लागत होतं. माझ्या ट्रंकेत लोकांनी दिलेले ब्लाऊजपीस पडून असतात, ते ना कोणी शिवतं, ना फेकतं. त्यातला लालभडक काढला, त्यावर जुन्या चादरीची पांढरी तिरकी पट्टी शिवली, बुडी मारणाऱ्यांचं निशाण असंच असतं म्हणे. विमलाबाई डोकावल्या, म्हणाल्या, मीराबाई, कुठल्या पक्षात गेलात? मी म्हटलं, बुडणाऱ्यांच्या.

दुपारी ताट वाढलं आणि म्हटलं, पाहुण्यांनी आत येऊन बसावं. ते दोरी उलगडत होते. मान वर न करता म्हणाले, "मामी, रचना गेल्यावर मी पाहुणाच उरलो ना. पाहुण्याने किती आत यायचं?"

पाहुणे हा मानाचा शब्द. माझ्या आईने माझ्या नवऱ्याला मरेपर्यंत दुसरी हाक मारली नाही. मी मान देत होते आणि हा माणूस त्याचं दार करून बाहेर उभा राहत होता. यात माझी चूक काढायला कोणी येऊ नये. मी ताट उचललं आणि ओट्यावर त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. जेवले. भाकरी मात्र मागितली नाही.

ऊन उतरल्यावर आम्ही नदीवर गेलो, बंधाऱ्याच्या वर, जिथे पाणी खोल आहे. बायका कपडे धूत होत्या. जावयांनी काच लावली, बंदूक घेतली, बोया पाण्यात सोडला. डुलला, तिरका झाला आणि ताठ उभा राहिला. निशाण वाऱ्यावर फडकलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी पायरीवर बसले. ते थोडे आत पोहत गेले, निशाणाशेजारी छाती भरून घेतली आणि खाली गेले.

मी निशाणावर नजर ठेवली. ते हललं नाही. नदी गढूळ, आतलं काही दिसत नाही. एका बाईने चादर आपटली, पिळली, दुसरी घेतली. निशाण तिथेच. मला वाटलं आता येतील. धुणाऱ्या बायकाही थांबून बघायला लागल्या. मग मी उठले, पायरी उतरून गुडघाभर पाण्यात गेले आणि आयुष्यात कधी घेतलं नव्हतं ते नाव घेतलं.

"राजरत्न, ये रे वर. ये."

तो वर आला. पण निशाणापाशी नाही. पार पलीकडे, जलपर्णीच्या कडेला, माझ्या नजरेच्या भलत्याच बाजूला त्याचं डोकं निघालं. मी एवढा वेळ रिकाम्या पाण्याकडे बघत होते.

पोहत बोयापाशी आला, दोरी ओढली, तळाशी टाकलेली बंदूक वर काढली आणि ती घेऊन काठाला आला. मी पाण्यात का उतरले ते त्याच्या लक्षातच आलं नाही. सांगायला लागला की बोया उत्तम झालाय, बंदूक सोडून दिली तरी जागचा हलला नाही.

"निशाण इथं," मी म्हटलं. "तू कुठे होतास?"

"दोरी बंदुकीला असते, मामी. पुष्कळजण तशीच बांधतात. हात सुटला तरी बंदूक हरवत नाही."

"आणि माणूस?"

तो दोरीवरचा चिखल बोटांनी निपटत राहिला. बायकांनी पुन्हा धुणं सुरू केलं होतं. "माणसाला शोधणारं कोणीतरी लागतं," तो म्हणाला. "तेव्हा होतं."

मी पायरीवर बसले आणि बंदूक मांडीवर ओढून घेतली. मग बंदुकीची गाठ सोडायला घेतली. ओली गाठ, नखं दुखली, पण सुटली. टोक त्याच्या हातात दिलं.

"राजरत्न, ऐक. तुझं दुःख मोठं म्हणून मी गप्प होते. पण त्याच्या आडून तू लबाडी करतोयस. बंदूक बांधून ठेवलीस आणि स्वतःला मोकळं सोडलंस. लेकीला अग्नी देताना मी बघितलंय, ती कुठे गेली ते मला ठाऊक आहे. तुझ्यापायी मी कोकणात जाऊन नुसत्या कापडाकडे बघत बसणार नाही. ही दोरी कमरेला बांध. शोधायला मी येईन. मला पोहता येत नाही, तेवढं ध्यानात ठेवून खाली जा."