प्रफुल निघाला आहे

फोनवर ज्याचं नाव येतं तोच पार्सल घेऊन येतो, असं गिऱ्हाइकाला वाटतं. साफ खोटं. हिंगणघाटच्या गोदामातून अल्लीपूरच्या लाइनवर रोज अंकुश जायचा आणि लोकांच्या फोनवर यायचं, 'प्रफुल तुमचं पार्सल घेऊन निघाला आहे.'

प्रफुल मेला होता. याच लाइनवर, पाठीवर थैला असताना, ट्रकखाली. कंपनी म्हणाली, तो आमचा नोकर नव्हताच, भागीदार होता. भागीदाराच्या मातीला कंपनीतलं कुत्रंही आलं नाही. त्याचा आयडी मात्र जिवंत ठेवला. जुन्या आयडीला चांगले तारे, म्हणून पार्सलं जास्त. गोदामाचा मॅनेजर अच्युत अंकुशला म्हणाला होता, "नाव कोण पाह्यते बे? फक्त या आयडीवर पार्सल वापस आलं नाई पाह्यजे. आलं का आयडी बंद, अन् तूबी बंद."

सिंदीच्या कापसाच्या जिनिंगमधून काढल्यापासून अंकुशला कुणी उभं करत नव्हतं. बायकोचे, सुरभीचे, दिवस भरत आले होते. त्यानं मान हलवली. सुरुवातीला तो लोकांना 'मी अंकुश' म्हणून सांगायचा. मग सोडून दिलं. आता 'प्रफुल' अशी हाक आली की मान आपोआप वळायची.

त्या दुपारी अल्लीपुरातलं शेवटचं पार्सल राहिलं होतं. सुलोचनाबाईंचं. उन्हानं गल्ली मेल्यासारखी पडली होती. फाटक उघडंच. दारात एक बाई फोनकडे बघत उभी, मागे भिंतीवर हार घातलेला फोटो. अंकुशनं तो चेहरा रोज पाहिला होता, ॲपमध्ये, स्वतःच्या फोनवर. फोटोखाली वाढलेलं ताट होतं.

"आला का बाप्पा," ती म्हणाली. अंकुशला नाही. त्याच्या मागच्या फाटकाकडे बघून.

"माय, पार्सल. मेसेजमधला नंबर सांगा."

"नाई सांगत."

"त्याच्याबिगर देता येत नाई ना!"

"मंग ठेव तुह्याजवळ. कंगवा हाये, मले का करायचा?" तिनं फोन पुढे केला. नकाशावर इवली गाडी तिच्या दाराशी उभी होती, वर नाव प्रफुल. "पाह्य. माहा लेक दारात उभा हाये. नंबर सांगतला का गाडी पुसून जाते. मांगच्या खेपेले शेजारच्या पोरीनं फाटकातच सांगून टाकला. गेला."

"वापस नेलं तर माह्यं काम जाते, माय. बायको बाळंतपणाले आली हाये."

ती दारातून बाजूला झाली. "तुह्यं नाव काय?"

"अंकुश."

"जेव, अंकुश. मंग सांगतो नंबर."

तो जेवला. सगळा वेळ पाठीमागे फाटकाशी कुणीतरी ताटकळत उभं असल्यासारखं वाटत होतं. त्यानं वळून पाहिलं नाही. त्यानं हात धुतल्यावर सुलोचनाबाई फोन घेऊन बसली. पहिला आकडा सांगितला आणि फोन छातीशी धरला.

उद्या आपण असेच मेलो तर सुरभीच्या फोनवर कुणाचं नाव येईल? आपलं तर नक्कीच नाही. आपण या कंपनीत कधी नव्हतोच.

"राहू द्या, माय," अंकुश म्हणाला. तिच्यासमोरच त्यानं स्वतःच्या फोनमधून ॲप काढून टाकलं. कंगव्याचं पार्सल तिच्या उंबऱ्यावर ठेवलं. तिच्या फोनवर गाडी दाराशी तशीच उभी होती. ती हसली.

गावाबाहेर आला तोच अच्युतचा फोन.

"कुठी हाये बे?"

"हिंगणघाटच्या रोडवर. मी ॲप काढून टाकलं, साहेब. दुसरा कोणी पाहा."

"फेकू नको. गाडी माह्यासमोर चालू हाये. अल्लीपुरात, त्याच दारापाशी."

अंकुशनं ब्रेक दाबला. पुढेमागे चिटपाखरू नव्हतं.

"साहेब, मी तिथं नाई."

"मंग कोण..." अच्युतची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "अबे, सरकून राह्यली. घरात गेली बे."