टाकी कोरडी कोणी केली

सकाळी माझं मौन असतं, दुपारी देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत. म्हणूनच अंगणात जप करताना मला नीट ऐकू आलं. बेटेगावावरून चाललेल्या छोट्या विमानाचं इंजिन दोनदा ठसकलं आणि बंद पडलं. मग नुसती वाऱ्याची शीळ, आणि पाड्यावरच्या नवशाच्या वालाच्या शेतात धाडकन आवाज.

नवशा माझ्याआधी पोचला. विमानाचा पंख मोडलेला. त्याने दार उचकटून शिकाऊ वैमानिक ललितला बाहेर ओढलं आणि पेट घेईल या भीतीने कॅनने पाणी ओतत राहिला. मी पदर फाडून ललितच्या कपाळाला बांधला. तो म्हणाला, "काकू, पेट्रोलच संपलं. उडायच्या आधी टाकीत काठी घालून मोजायचं असतं. मी नुसता काटा बघितला, आणि तो बिघडलेला."

तासाभराने त्याच्या विमानशाळेचे साहेब हवालदाराला घेऊन आले. टाक्या उघडल्या, तर कोरड्या. साहेबांची नजर नवशाच्या कॅनवर गेली.

"पेट्रोल काढलंस ना?"

"पानी हाय सायेब. वास घ्या."

"आता पाणी. आधी काय होतं?"

"आदी बी पानीच. तुमचा पेट्रोल माझे काय कामाचा? माझा बैल गवतावर चालतं."

जमलेले लोक हसले. हवालदाराने मात्र त्याचा दंड धरला. "चल बोईसरच्या ठाण्यात."

मी ललितकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. कपाळाला माझ्या पदराची पट्टी, आणि तोंडातून शब्द नाही! माझी कानशिलं तापली. नैवेद्याला अवकाश होता, तरी बोलले.

"दादा, थांबा. इंजिन आकाशातच बंद पडलं, मी ऐकलंय. नवशा काय शिडी लावून वर गेला होता पेट्रोल काढायला?"

साहेब हसले. "ताई, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"काठी घालून मोजायचं असतं, एवढं कळतं. ललित, काटा बिघडलाय हे कोणाला ठाऊक होतं?"

तो पुटपुटला, "ह्या सरांना. मोजू का विचारलं, तर म्हणाले, अर्ध्या तासाचं उड्डाण तर आहे, जा."

हवालदाराने दंड सोडला. साहेब हवालदारालाच म्हणाले, "बरं, गैरसमज झाला."

मी म्हटलं, "त्यांना कशाला सांगता? चोर ह्याला म्हणालात. ह्याच्याकडे बघून म्हणा."

साहेब गाडीकडे वळले. मी गाडीच्या दाराला पाठ लावून उभी राहिले. पाड्यावरच्या बायका एकेक करत माझ्या शेजारी आल्या. तेव्हा कुठे साहेबांनी नवशाकडे तोंड केलं.