सोबाची येळवणी

सासूबाईंना येऊन सव्वीस दिवस झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्यांनी सुनेला एकदाही नाव ठेवलं नव्हतं. दुसऱ्या कुणा सुनेनं यावर पेढे वाटले असते. स्वरूपाची मात्र झोप उडाली होती.

कुंदाबाई काही गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. कऱ्हाडला भाजीवाल्यापासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत ज्याला जे सुनवायचं ते त्या सुनावून मोकळ्या होत. सुमितनं लग्नाआधीच स्वरूपाला तसं बजावून ठेवलं होतं. म्हणून त्या जर्मनीत गेर्लिंगेनला येणार म्हटल्यावर तिनं मनाची पुरती तयारी केली. फ्रीज लावण्यावरून ऐकावं लागेल, चौदा महिन्यांच्या ईश्वरीला गार दूध देण्यावरून तर नक्कीच. आणि इथे बाई आल्या त्या नुसत्या ‘छान’ म्हणत सुटल्या. भाजी खारट झाली, छान. पोळ्या कडक झाल्या, छान. एकदा वरणाला फोडणी द्यायचीच राहिली, तर तेही छान.

या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते स्वरूपाला पक्कं ठाऊक होतं. मुळाशी येळवणी होती.

झालं होतं असं. सासूबाई आल्या त्या पहिल्याच रविवारी तिनं पुरणपोळीचा घाट घातला. ती पुण्याची, तिच्या माहेरी पोळ्या कोपऱ्यावरच्या दुकानातून यायच्या. तेव्हा फोनवर एका बाईंचा व्हिडिओ लावला आणि कामाला लागली. व्हिडिओतल्या बाई म्हणाल्या, ‘डाळ मऊ शिजली की त्यातलं पाणी काढून टाका.’ स्वरूपा इंजिनिअर. दिलेली सूचना जशीच्या तशी पाळायची, ही तिची नोकरीतली सवय. तिनं पाणी काढलं आणि टाकलं. डाळीचं ते दाट, वाफाळतं पाणी म्हणजेच येळवणी, आणि तिची कटाची आमटी झाल्याशिवाय पुरणपोळीचं जेवण पुरं होत नाही, हे त्या बाईंनी पुढच्या व्हिडिओत सांगितलं असावं. स्वरूपानं पातेलं सिंकमध्ये उपडं केलं तेव्हा सासूबाई नेमक्या दारात उभ्या होत्या. त्यांचा हात पुढे आला, तोंड उघडलं. मग तोंड मिटलं, हात मागे गेला आणि “ईश्वरी उठली वाटतं,” असं म्हणत त्या आत निघून गेल्या. ईश्वरी उठली नव्हती.

जेवताना त्यांनी दुधातुपाबरोबर दोन पोळ्या खाल्ल्या आणि ‘छान झाल्यात’ म्हणाल्या. आमटीचा विषयही काढला नाही. संध्याकाळी स्वरूपानं पुण्याला आईला फोन केला. शैलाताईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज थेट जर्मनीत आला.

“अगं, येळवणी फेकलीस? आणि तीही सासूच्या देखत? आता त्या जन्मभर विसरायच्या नाहीत बघ!”

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण स्वरूपाची एल्टर्नत्साइट, म्हणजे बाळासाठीची रजा, जूनअखेर संपत होती आणि ऑफिसनं तिला ब्रेकच्या चाचण्या करणाऱ्या टीमची प्रमुख म्हणून बोलावलं होतं. आठ वर्षं तिनं या जागेची वाट पाहिली होती. सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. सुमितचे महिन्यातले दहा-बारा दिवस कामानिमित्त र्युसेल्सहाइमला जात, आणि ईश्वरीला कीटामध्ये, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळाली होती ती ऑगस्टपासून. मधल्या दिवसांत मुलीला सांभाळायला घरात कुणीतरी हवं. सासूबाईंचा व्हिसा तीन महिन्यांचा होता, पण परतीचं तिकीट त्यांनी येतानाच एका महिन्याचं काढून आणलं होतं. येत्या गुरुवारी त्या निघणार होत्या.

“तूच विचार ना तुझ्या आईला,” स्वरूपा सुमितला म्हणाली होती.

“आल्झो, हे बघ, मी विचारलं तर ती माझ्यासाठी थांबेल,” सुमित म्हणाला. “तुझ्यासाठी थांबायचंय का तिला, ते तूच विचारायला हवंस. आणि तुला वाटतं तसं काही नाहीये गं.”

“मग बोलत का नाहीत त्या?”

शेवटी शनिवारी त्यानं ईश्वरीला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि स्वरूपा सासूबाईंना घेऊन श्टुटगार्टला जेवायला निघाली.

सोबाचं, म्हणजे जपानी शेवयांचं, ते लहानसं हॉटेल तिनं उगीच निवडलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी दोघी त्या रस्त्यानं जात असताना काचेआड एक म्हातारा जपानी माणूस लाकडी पाटावर कणीक लाटत होता. सासूबाई थबकल्या त्या चांगली दहा मिनिटं हलल्या नाहीत. त्यानं पोळीच्या घड्या घातल्या, वर फळी धरली आणि भल्या मोठ्या सुरीनं एकसारख्या बारीक शेवया कापल्या. “हात बघ कसा चालतोय,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या. सव्वीस दिवसांत ‘छान’पलीकडे त्यांच्या तोंडून आलेलं ते जवळजवळ एकमेव वाक्य. म्हणून स्वरूपानं तिथेच टेबल राखलं. शेवयांबरोबरच्या सारात माशाचा अर्क नसेल ना, हे तीन वेळा फोन करून विचारलं. तिसऱ्यांदा तिकडची बाई नुसती हसली होती.

यू-सिक्स ट्रामनं दोघी ओल्गाएकला उतरल्या. वाटेत स्वरूपानं आपलं वाक्य मनात चार-पाच वेळा घोकलं. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या आणि मध्येच “छान आहे,” म्हणत होत्या.

हॉटेलात सहाच टेबलं होती. म्हातारबुवांच्या बायकोनं, तिसऱ्यांदा फोनवर हसलेल्या त्याच बाईनं, त्यांना खिडकीशी बसवलं. ती जर्मन अगदी सावकाश बोलायची, त्यामुळे सासूबाईंना ती आवडली. कळत काही नसूनही त्या तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होत्या.

“कसल्या पिठाच्या असतात गं या?” त्यांनी विचारलं.

“कुट्टूच्या, अहो आई. उपासाला चालतं बघा, ते.”

“म्हणजे परदेशात येऊन उपासच म्हणायचा,” त्या म्हणाल्या. स्वरूपाला वाटलं, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी लगेच स्वतःला आवरलं आणि पुढे जोडलं, “छान आहे.”

बांबूच्या चटईवर शेवया आल्या, थंडगार. शेजारी वाटीत अळंबी आणि समुद्री शेवाळाचं काळपट सार, एका बशीत चिरलेली कांद्याची पात आणि हिरव्या चटणीची लहानशी गोळी. शेवया काड्यांनी उचलायच्या, सारात बुडवायच्या आणि खायच्या. सासूबाईंनी काड्या लोकरीच्या सुयांसारख्या दोन हातांत दोन धरल्या आणि आश्चर्य म्हणजे त्यांना ते जमलं. पलीकडच्या टेबलावर एक जपानी गृहस्थ मोठ्ठे भुरके मारत जेवत होता. सासूबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि त्यांनीही बिनधास्त भुरका मारला.

स्वरूपानं काड्या खाली ठेवल्या. हीच वेळ होती.

“अहो आई, मला तुम्हाला एक विचारायचं होतं.”

“विचार की,” सासूबाई म्हणाल्या आणि हिरवी चटणी म्हणून ती वसाबीची गोळी त्यांनी अख्खी तोंडात टाकली.

पुढची दोन मिनिटं विचारण्यासारखी नव्हती. त्यांचा चेहरा लाल झाला, नाक-डोळे वाहू लागले. स्वरूपानं पाणी दिलं, बाई धावत भाताची वाटी घेऊन आली, पाठीवरून हात फिरवून झाला. ‘अहो, ती खायची नव्हती, नुसती लावायची होती,’ हे आधी सांगायला हवं होतं, ते स्वरूपाला आता सुचलं. येळवणीत ही आणखी एक भर. सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले, आणि श्वास लागल्याबरोबर म्हणाल्या, “छान होती.”

स्वरूपाला रडू यायचंच बाकी राहिलं. इतकं परकं कुणी कुणाला ठेवतं का? दोन शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. सोमवारी ‘नाही’ कळवून टाकू, तिनं ठरवलं, आणि मुकाट्यानं उरलेल्या शेवया संपवल्या.

ताटं रिकामी झाली तशी बाईनं एक चौकोनी, लाल, तोटीची किटली आणून ठेवली आणि काहीतरी सांगत घाईघाईनं दुसऱ्या टेबलाकडे गेली. चहा असेल म्हणून स्वरूपानं थोडं कपात ओतलं. पांढुरकं, गढूळ, दाटसर पाणी. ना रंग, ना वास. हे नक्की भांडी विसळलेलं पाणी चुकून आपल्याकडे आलंय, तिला वाटलं. आज सगळंच चुकायचं होतं तर!

“एन्टशुल्डिगुंग,” तिनं हात वर करून बाईला हाक मारली आणि किटली परत द्यायला उचलली.

टेबलापलीकडून सासूबाईंचा हात पुढे आला. या वेळी तो मागे गेला नाही. त्यांनी किटली गच्च धरून ठेवली.

“अगं थांब, ओतू नकोस! येळवणी आहे ती!”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्यात बाई आली, आणि स्वरूपानं विचारल्यावर तिनं शांतपणे समजावलं. हे सोबायू, म्हणजे शेवया शिजवलेलं पाणी. वाटीत उरलेल्या सारात ते घालून प्यायचं. सोबाचा कस त्यातच उतरतो, ते टाकत नाहीत.

स्वरूपानं भाषांतर करायला तोंड उघडलं, पण सासूबाईंना भाषांतराची गरजच नव्हती. त्यांनी दोन्ही वाट्यांत पाणी ओतलं, काडीनं ढवळलं आणि एक घोट घेतला.

“बघ. कटाची आमटीच की. तिखट-मसाला नाही, एवढंच,” त्या म्हणाल्या, आणि स्वतःच दचकून गप्प झाल्या.

“अहो आई,” स्वरूपा म्हणाली, “मी त्या दिवशी ती फेकली, म्हणून तुम्ही रागावलात ना? तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही आहात.”

“रागावले? मी?” सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. “अगं, मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच होळीला येळवणी मोरीत ओतली होती. पातेलंभर. माझ्या माहेरी दुधाबरोबरच खायचे पोळ्या, मला काय माहीत? पण आमच्या सासूबाईंनी ते एकवीस वर्षं सांगितलं. दर होळीला, दर हळदीकुंकवाला. सुमितच्या बारशाला जमलेल्या बायकांना सांगितलं. शेवटी दवाखान्यात होत्या, मला धड ओळखत नव्हत्या. पण नर्सला म्हणाल्या, ही बाई येळवणी ओतते, हिच्या हातात भांडं देऊ नका.”

स्वरूपाला हसू आलं आणि तिनं ते दाबलं, कारण सासूबाई हसत नव्हत्या.

“फार लागायचं गं मला ते,” त्या म्हणाल्या. “तेव्हाच ठरवलं होतं, माझी सून येईल तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात मी तोंड उघडणार नाही. त्या दिवशी तुझ्या हातात ते पातेलं पाहिलं आणि म्हटलं, कुंदा, हीच तुझी परीक्षा! जीभ चावून बाहेर गेले. मला वाटलं, तुला बरं वाटत असेल.”

“मला वाटलं, मी तुम्हाला आवडतच नाही.”

“वेडी आहेस का?” सासूबाई इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की भुरके मारणारा गृहस्थही थांबला. “आवडत नसतीस तर पहिल्या दिवसापासून बोलले असते!”

आता मात्र स्वरूपाला रडू आलं, आणि ते वसाबीचं नाही हे दोघींनाही कळत होतं. सासूबाईंनी पर्समधून आपला रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग तिनं घोकलेलं वाक्य बाजूला ठेवून जसं येईल तसं सगळं सांगितलं. सोमवारचं, टीमचं, आठ वर्षांचं, ऑगस्टचं.

“थांबाल का? माझ्यासाठी?”

सासूबाईंनी वाटीतला शेवटचा घोट घेतला.

“तिकीट मी एकाच महिन्याचं का काढलं, ठाऊक आहे? व्हिसा तीन महिन्यांचा होता. सुमित म्हणत होता, पूर्ण राहा. पण मी स्वतःला ओळखते. म्हटलं, एक महिना कसंबसं गप्प बसेन. त्यापुढे माझ्यानं राहवायचं नाही, आणि मग मीही आमच्या सासूबाईंसारखी होईन.”

“मग नका ना गप्प बसू,” स्वरूपा म्हणाली. “बोला. पण एक गोष्ट एकदाच.”

“एकदाच,” सासूबाईंनी मान हलवली. थोडा विचार करून म्हणाल्या, “दोनदा चालेल?”

“दोनदा चालेल.”

बाहेर पडताना त्या काचेपाशी थांबल्या आणि लाटणं थांबवून वर बघणाऱ्या म्हातारबुवांना त्यांनी दोन्ही हात जोडले. त्यांनीही कमरेत वाकून नमस्कार केला. ओल्गाएकला गेर्लिंगेनची गाडी आली, दोघींना समोरासमोर जागा मिळाली. स्वरूपानं सुमितला मेसेज केला की तिकीट बदल. दारं लागायच्या आत सासूबाई पुढे सरकून बसल्या.

“बरं, आता ऐक. पहिलं म्हणजे त्या पोरीला फ्रीजमधलं दूध द्यायचं बंद कर. दुसरं, तुझ्या भाजीत मीठ...”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” स्वरूपा म्हणाली आणि सव्वीस दिवसांत पहिल्यांदा आरामात मागे टेकून बसली. गेर्लिंगेन हा शेवटचा थांबा होता, आणि सासूबाईंचं अजून मिठाचंच चाललं होतं.