खिडकीखालचा ड्रम

नोकरीभर मालधक्क्यावर सिमेंटची, मिरचीची आणि युरियाची पोती उतरवून घेताना बाबारावांचं नाक कायमचं बसलं होतं; वास म्हणून कळायचा नाही. गॅसवर दूध करपलं तरी ते शेजारी पेपर वाचत बसलेले असायचे. इंदूबाई त्यावरून त्यांना मनसोक्त हसायच्या.

निवृत्तीनंतर त्यांनी शहराच्या गुढियारी भागात घर बांधलं. प्लॉट खोलगट होता. भरावाला ट्रकवाल्याने कुठल्याशा भट्टीची काळी राख आणून ओतली आणि वर जेमतेम मुरूम पसरला. मागच्या अंगणात तुळससुद्धा धरेना. इंदूबाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. पण पोटात गाठ निघाली, केमो सुरू झालं, आणि एका दुपारी दवाखान्यातून आल्यावर त्या म्हणाल्या, "घरच्या वांग्याचं भरीत खावं वाटून राहिलं. आर्वीले माझ्या बाबाच्या वाडीत होत होते ना, तसे वांगे."

बाबाराव इतके दिवस नुसते हात चोळत बसले होते. त्यांना करायला काम मिळालं.

राखेत जीव आणायचा तर मासळीचं खत, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं. ज्या घरात कधी अंडं शिजलं नाही, तिथला हा माणूस डबा घेऊन मासळी बाजारात उभा राहिला.

"डोकी, खवले, आतडी, जे फेकतेस ते सगळं दे," त्यांनी मासळीवालीला सांगितलं.

"का करहू बाबा येकर?"

"झाडांसाठी."

"हव, ले जा," ती हसून म्हणाली.

मासळीत गूळ मिसळून त्यांनी निळा ड्रम भरला. भाजीची सालं, चहाचा चोथा त्यातच. सावली होती ती फक्त इंदूबाईंच्या खोलीच्या खिडकीखाली, म्हणून ड्रम तिथेच ठेवला. सकाळ-संध्याकाळ झाकण काढून ते काठीने ढवळायचे. शेजारच्याने भिंतीवरून हात जोडले, "अंकल, खाना गले से नहीं उतरता." बाबारावांनीही हात जोडले, "थोडे दिन भैया, घर में बीमारी है."

खत मुरलं, पाण्यात पातळ करून त्यांनी वांग्याच्या रोपांना घातलं, आणि रोपांनी खरोखरच जीव धरला. पानं तळहाताएवढी झाली. बाबाराव खिडकीतून ओरडायचे, "इंदू, फूल आलं वं!" आतून बारीक आवाज यायचा, "हो?"

इंदूबाईंचं जेवण मात्र तुटत चाललं होतं. पेजेची वाटी तशीच परत यायची. औषधांनी असं होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

एका रविवारी त्यांची मुलगी ज्ञानदा शहरातल्याच शंकर नगरहून आली. ती आईला खिचडी भरवत होती आणि बाहेर बाबारावांनी ड्रमचं झाकण काढलं. पहिलाच घास उलटून पडला. ज्ञानदा धावत मागच्या दारात आली.

"बाबा, पहले वो बंद करो! आईला वासाने उलटी होते. रोज होते म्हणाली. तुम्हाला खरंच माहीत नाही?"

बाबाराव तसेच ओल्या हातांनी आत गेले. ते जवळ येताच इंदूबाईंनी तोंड फिरवलं. मुद्दाम नाही, आपोआप फिरलं. ते उंबरठ्यापर्यंत मागे सरले.

"मले काहून नाही सांगतलं तू?"

"काय सांगू?" त्या दम घेत म्हणाल्या. "गाठ निघाल्यापासून तुमी रातभर जागेच राहत होते. वांगे लावले तवा कुठं झोपाले लागले. मी म्हटलं, पदर लावून घेऊ नाकाले."

"पण तू जेवत नव्हती ना, इंदू."

"तसंही कुठं जेवण जात होतं मले."

हे खरं होतं की त्यांची समजूत काढायला म्हटलं होतं, हे बाबारावांना कळलं नाही.

त्याच दिवशी त्यांनी हातगाडी बोलावून ड्रम गावाबाहेर पाठवून दिला. पण माती खत पिऊन बसली होती. ऊन चढलं की शेजारी पुन्हा खिडक्या लावायचे. शेवटी बाबारावांनी रोपं उपटली. काहींना अंगठ्याएवढी वांगी धरली होती. तीही पोत्यात गेली. खाली पुन्हा काळी राख उघडी पडली.

ज्ञानदाने आईला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिथे पहिल्या दिवशी इंदूबाईंनी चार घास वरणभात खाल्ला. बाबारावांनी फोन करून करून नातेवाइकांना सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तोही बंद झाला. दुखणं यकृतात उतरलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि घरी घेऊन जा म्हणाले.

ज्ञानदा आईची चाकाची खुर्ची घेऊन पुढे गेली. बाबाराव दारातून परत फिरले.

"डॉक्टर साहब, बीच में वो कुछ खाती नहीं थी. घर में बदबू थी, मेरी वजह से. तब खा लेती तो?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बाबूजी, अब ये सब मत सोचिए."

खाली ज्ञानदाने आईला गाडीत मागच्या सीटवर टेकवलं आणि शेजारी उशी लावली. "बाबा, तुम्ही बसा आईजवळ."

बाबाराव दाराशी वाकले. मग सरळ झाले, हात नाकाशी नेले, वास आहे की नाही ते कळेना. त्यांनी हळूच दार लोटलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. दोन्ही हात त्यांनी खिशात घातले होते.